माजी सैनिकाच्या निधनानंतर घरच्यांनी काय करायचं: सोलापूर जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी

घरातला निवृत्त फौजी गेला की दुःखापाठोपाठ येते ती पेन्शनची भीती. "बँकेला कळवू नका, पेन्शन बंद होईल," असा सल्ला भावकीतलं कुणीतरी देतंच. मग दोन-तीन महिने कुणी काही बोलत नाही. एटीएम कार्ड मुलाच्या खिशात असतं आणि पैसे निघत राहतात. ही भीती चुकीची आहे आणि ती महागात पडते. सैनिकाची पेन्शन त्यांच्या मृत्यूच्या दिवसापर्यंत धरली जाते आणि पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्याच दिवसापासून लागू होतं. मंजुरीला तीन-चार महिने लागले तरी मधल्या काळाची थकबाकी एकरकमी मिळते. उलट, मृत्यूनंतर त्यांच्या नावावर जमा झालेली रक्कम सरकार वसूल करून घेतं आणि त्या वसुलीत विधवेचं खातं अडकू शकतं. कळवण्यात काहीच बुडत नाही. लपवण्यात मात्र हक्काच्या पेन्शनलाच उशीर होतो.

हा लेख निवृत्त होऊन घरी आलेल्या, म्हातारपणाने, आजाराने किंवा अपघाताने गेलेल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी आहे. सेवेत असताना मृत्यू आला तर युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) स्वतःच घरापर्यंत येतात, आणि निवृत्तिवेतनाचे दरही निराळे असतात. सेवेमुळे मृत्यू झाल्यास शेवटच्या पगाराच्या ६० टक्के, तर युद्धात किंवा तशा कारवाईत वीरमरण आल्यास पूर्ण पगाराएवढं. निवृत्ताच्या घरी मात्र कुणी आपणहून येत नाही. सगळं घरच्यांनाच करावं लागतं.

अंत्यविधीच्या दिवशी

त्या दिवशी कागदपत्रांचा विचार कुणाच्या मनात नसतो, आणि तो असावा अशी अपेक्षाही नाही. घरातल्या एखाद्या जावयाने किंवा पुतण्याने तीन-चार गोष्टींकडे लक्ष दिलं तरी पुरे.

मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर दाखल करताना नाव कसं लिहिलंय ते पाहा. सिव्हिलमध्ये असो किंवा खासगी रुग्णालयात, घाईत कुणी 'आबा' म्हणून ओळखतं तेच नाव सांगतं, आणि रुग्णालयाच्या कागदावर आलेलं नाव पुढे मृत्यूच्या दाखल्यावर जातं. नाव आधार कार्ड आणि डिस्चार्ज बुकाप्रमाणेच (निवृत्तीच्या वेळी सैन्याने दिलेलं नोंदपुस्तक) लिहायला सांगा. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या. स्मशानभूमीतून, मग ती रूपाभवानी असो, मोदी असो की गावची, अंत्यसंस्काराची पावती किंवा नोंद मागून घ्या. लिंगायत, मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबात दफन होतं. तिथेही दफनभूमीची किंवा कब्रस्तानाची नोंद घेऊन ठेवा. घरी झालेल्या मृत्यूच्या नोंदणीत हा कागद उपयोगी पडतो.

अपघात, सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं यांपैकी काही असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. "आता देहाची विटंबना नको" ही भावना समजण्यासारखी आहे. पण पोलिसांचे कागद आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर अपघात विम्याचा दावा पुढे सरकणं फार अवघड होतं.

तिरंग्याविषयी स्पष्ट लिहितो, कारण प्रेमापोटी इथे हातून गुन्हा घडू शकतो. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा १९७१ आणि ध्वजसंहिता २००२ यांनुसार शासकीय इतमामाने किंवा सैन्यदल, निमलष्करी दलांच्या मानवंदनेसह होणाऱ्या अंत्यविधीतच पार्थिवावर तिरंगा पांघरता येतो. घरच्यांनी किंवा मंडळाने आपल्या मनाने बाजारातून ध्वज आणून तिरडीवर घालायचा नाही. मानवंदना असेल तेव्हा भगवा पट्टा डोक्याकडे ठेवतात, आणि अग्नी देण्याआधी किंवा देह खड्ड्यात उतरवण्याआधी ध्वज काढून घेतात. तो जाळायचाही नाही आणि पुरायचाही नाही. सर्वसाधारण निवृत्त सैनिकाच्या अंत्ययात्रेला मानवंदनेची तुकडी येतेच असं नाही. ते शौर्यपदकाचे मानकरी असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लगेच फोन करा, म्हणजे निरोप लष्कराच्या योग्य ठिकाणी जातो. एरवी तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेला कळवा. जुने सहकारी पुष्पचक्र घेऊन येतात, सलामी देतात, आणि ते पाहून घरच्यांना मोठा आधार वाटतो.

दहाव्याच्या आत मृत्यूची नोंद

अस्थी सावडून कुणी पंढरपूरला चंद्रभागेवर जाऊन येतं, घर दहाव्या-तेराव्याच्या तयारीत असतं. याच दिवसांत मृत्यूची नोंदणी उरकून घ्या. कायद्याने ती २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, ३० दिवस उलटले की वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वर्षभरानंतर आलेल्या विधवेची सगळी प्रकरणं या एका दाखल्यासाठी अडून बसतात.

नोंद राहत्या गावात नव्हे, मृत्यू जिथे झाला तिथे होते. अक्कलकोटचे आजोबा सोलापूरच्या रुग्णालयात गेले तर दाखला सोलापूर महानगरपालिकेकडून मिळेल, अक्कलकोट नगरपालिकेकडून नाही. करमाळ्याच्या वाडीत घरीच गेले तर ग्रामपंचायतीत. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर नोंद पुण्याला होईल. अशा वेळी तिथून निघण्याआधीच नोंद कुठे आणि कशी झाली ते विचारून घ्या, नाहीतर फक्त दाखल्यासाठी पुन्हा पुणं गाठावं लागतं.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, पत्नीचं नाव, आधार क्रमांक, मृत्यूची तारीख. चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. महिन्याभराने याच दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र आणि चार पुरावे मागतात. प्रती आठ-दहा काढून ठेवा.

एक फाईल, आणि ती आईच्या ताब्यात

फाईल मुलांच्या कपाटात नको, सैनिकाच्या पत्नीच्या ताब्यात असू दे. मुलं पुण्याला किंवा मुंबईला असतात आणि कागद तिकडेच राहतात, हे घरोघरी दिसतं. फाईलमध्ये पुढचं असायला हवं: डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश (नंतर निघालेल्या दुरुस्ती-पीपीओंसह), माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड, कॅन्टीन कार्ड, बँकेचं पासबुक, दोघांचं आधार आणि पॅन, पत्नीचे फोटो, लग्नाचा दाखला असल्यास तो, मुलांचे जन्मदाखले आणि आता मृत्यूचा दाखला. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत कुणालाही देऊ नका. कार्यालयात दाखवा, सोबत प्रत द्या आणि मूळ परत घ्या.

डिस्चार्ज बुकात आर्मी नंबर, रँक आणि रेकॉर्ड ऑफिस सापडतं. हे रेकॉर्ड ऑफिस कुठलं, हे पत्नीला माहीत असणं फार गरजेचं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (सैन्याची यंत्रसामग्री सांभाळणारं दल) सिकंदराबादला, डीएससीचं (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) केरळात कन्नूरला. वायुदलाच्या निवृत्तांचा कारभार दिल्लीत सुब्रतो पार्कमधून चालतो, तर नौदलाचं पेन्शन कार्यालय मुंबईत मानखुर्दला आहे. रेजिमेंट सोडून डीएससीत पुन्हा भरती झाले असतील तर दोन्हीकडचे कागद लागतात.

'स्पर्श'वर मृत्यूची नोंद

पूर्वी पेन्शन बँकेमार्फत यायची, म्हणून अजूनही विधवा आधी बँकेत जाते आणि शाखाधिकारी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करतील याची वाट पाहत बसते. आता सैन्यदलांची पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून, प्रयागराजच्या रक्षा लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) कार्यालयातून थेट खात्यात येते. बहुतेक जुने पेन्शनरही त्यात गेले आहेत. बँकेला कळवायचं ते खात्यापुरतं. निवृत्तिवेतन मंजूर होतं ते 'स्पर्श'मधून.

'स्पर्श'च्या संकेतस्थळावर पेन्शनरच्या मृत्यूची माहिती देण्याची सोय आहे. पीपीओ क्रमांक, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचा दाखला द्यायचा असतो. पाठोपाठ पत्नीचं आधार, पॅन, फोटो आणि बँकेचा तपशील लागतो. पडताळणी झाली की तिच्या नावाने नवा पीपीओ निघतो. संगणकाची सवय नसेल तर 'स्पर्श'ची कामं करणाऱ्या सामान्य सेवा केंद्रात किंवा बँक शाखेत जा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मार्गदर्शन मिळतं. अर्ज भरल्यावर मिळालेला क्रमांक फाईलमध्ये लिहून ठेवा. पुढे चौकशी, तक्रार, पेन्शन अदालत, सगळीकडे तोच लागतो.

जायच्या आधी तीन गोष्टी तपासा. आईचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का? तिचं पॅन कार्ड आहे का? बँक खातं दोघांच्या नावावर 'दोघांपैकी कुणीही' अशा पद्धतीचं आहे का? खातं पत्नीबरोबर संयुक्त असेल आणि पीपीओत तिचं नाव असेल, तर तेच खातं कुटुंब निवृत्तिवेतनासाठी चालू ठेवता येतं. नवीन खातं उघडण्याचा आग्रह बँकेने धरू नये, असे नियम आहेत. तसंच पीपीओत नाव असलेल्या पत्नीला या कामासाठी कोर्टाच्या वारस दाखल्याची गरज नसते. कुणी मागितला तर तो कुठल्या नियमाने हवा, ते लेखी द्यायला सांगा.

निधनानंतर काही दिवसांतच फोन येऊ लागतात: "स्पर्शमधून बोलतोय, ओटीपी सांगा, पेन्शन सुरू करतो." असा फोन कुठल्याही सरकारी कार्यालयातून येत नाही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, हे आईला पुन्हा पुन्हा सांगून ठेवा.

नावातला फरक

खरी अडचण इथे आहे. प्रकरणं वर्षानुवर्षं रखडतात ती बहुतेक याच कारणाने, आणि आपल्याकडच्या चालीरीती त्याला खतपाणी घालतात. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत होती. माहेरची सुमन सासरी लक्ष्मी झाली. सैनिकाने युनिटमध्ये लग्नाची नोंद करताना एक नाव सांगितलं, आधारवर दुसरं आलं, रेशन कार्डावर 'लक्ष्मीबाई' आणि बँकेत नुसती 'लक्ष्मी'. त्यात युनिटचा कारकून हिंदी भाषक असला की 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग 'ग्यानेश्वर'सारखं झालेलं असतं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव मधे की नाही, याचाही घोळ असतोच. दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडे कन्नड, शहरात तेलुगू घरांत नावं आणि आडनावं लिहिण्याची तऱ्हा आणखी वेगळी. संगणकाला हे काही कळत नाही. त्याला अक्षर न् अक्षर सारखं लागतं.

जन्मतारखेचंही तसंच. जुन्या काळी लग्न करून आलेल्या बायकांची जन्मतारीख सैन्याच्या नोंदीत अनेकदा नसतेच. त्याचा फटका लगेच कळत नाही, म्हातारपणी बसतो. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या महिलेला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० वर्षांना दुप्पट रक्कम. नोंदीत जन्मतारीखच नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही आणि कुणी सांगायलाही येत नाही.

सैनिक हयात असताना दुरुस्ती सोपी असते. पीपीओवर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख काय आहे ते पाहायचं, आधारशी ताडायचं, फरक असेल तर प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, आधार-पॅन यांसह अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा. तिथे 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे नोंदीतल्या बदलाचा आदेश, निघते आणि दुरुस्त पीपीओ येतो. सैनिकाची स्वतःची सही असल्याने फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. हे वाचणाऱ्या घरात फौजी अजून हयात असतील तर हे काम पुढे ढकलू नका. त्यांना त्याविषयी बोलायला संकोच वाटत असेल, तर मुलीने किंवा सुनेने पीपीओ काढून समोर ठेवावा.

निधनानंतर हाच फरक मिटवायला जास्त पुरावे लागतात: दोन्ही नावं एकाच स्त्रीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा किंवा नगरसेवकाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला असल्यास तो, रेशन कार्ड, मुलांच्या कागदांवरचं आईचं नाव, गरज पडल्यास राज्य राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी. एक चूक अनेकजण करतात. रेकॉर्डमधलं नाव सोडून देऊन आधार कार्डच बदलून आणतात आणि मग आधार, पॅन, बँक तिघांत तीन नावं होतात. आधी रेकॉर्ड ऑफिस काय मागतं ते लेखी घ्या. सगळे कागद कुठल्या एका नावावर आणायचे ते ठरवा, आणि मगच एकेक बदल करा.

सैनिकाने पहिली पत्नी हयात आणि घटस्फोट झालेला नसताना दुसरं लग्न केलं असेल तर दुसऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, अशी कायद्याची स्थिती आहे. मुलांच्या हक्काचा विचार मात्र वेगळा होतो. असं प्रकरण घरातल्या घरात दाबायचा प्रयत्न करू नका. वकिलाचा सल्ला घेऊन कागद खरे द्या.

रक्कम किती मिळेल

सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के असतं. किमान मूळ रक्कम ९,००० रुपये, त्यावर महागाई भत्ता. पण सैनिक तुलनेने लवकर गेला असेल तर आधी वाढीव दर मिळतो: पगाराच्या ५० टक्के, पण सैनिकाला मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. हा दर मृत्यूपासून ७ वर्षं किंवा सैनिक ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत चालतो.

समजा शेवटचा मूळ पगार ४०,००० होता आणि निधन ६२ व्या वर्षी झालं. मग पाच वर्षं २०,००० रुपये आणि पुढे १२,००० रुपये, दोन्हींवर महागाई भत्ता. सत्तरीत निधन झालं असेल तर सुरुवातीपासूनच १२,०००. 'वन रँक वन पेन्शन'मुळे, म्हणजे समान पद आणि समान सेवेला समान पेन्शन या नियमाने, १ जुलै २०१४ पासून आणि पुढे २०१९, २०२४ च्या फेरनिश्चितीने प्रत्यक्ष आकडे बदलतात, म्हणून नव्या पीपीओवरचे आकडे सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून ताडून घ्या. सैनिकाने पेन्शनचा भाग विकला असेल, म्हणजे कम्युटेशन घेतलं असेल, तरी त्याची कपात विधवेच्या रकमेतून होत नाही. कपात दिसली तर ती चूक आहे. आणि सैनिक हयात असतानाची काही थकबाकी राहिली असेल तर तीही नामनिर्देशित व्यक्तीला मागता येते.

बरेच फौजी निवृत्तीनंतर पोलीस, एसटी, महापालिका किंवा सरकारी बँकेत लागतात. पूर्वी दोन नोकऱ्यांपैकी एकाच ठिकाणचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. २४ सप्टेंबर २०१२ पासून लष्करी आणि नंतरच्या सरकारी नोकरीचं, अशी दोन्ही निवृत्तिवेतनं घेता येतात. पूर्वी नकार मिळालेल्या विधवांनी पुन्हा अर्ज करायला हवा.

आयकरात ही रक्कम 'इतर स्रोत' या सदरात येते. त्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक मर्यादा (जुन्या पद्धतीत १५,००० रुपये, नव्या पद्धतीत २५,०००), यांतली कमी असेल ती वजावट मिळते.

पेन्शन चालू झाल्यावर दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. ८० वर्षांपुढच्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. आपल्या शहरात आयुष्यभर विड्या वळलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. त्यासाठी 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन हयातीच्या दाखल्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, किंवा पोस्टमन घरी येऊनही हे काम करतो.

विमा आणि राहून जाणारे पैसे

आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं विमाकवच निवृत्तीबरोबर संपलं, असं सगळे धरून चालतात. निवृत्तीच्या वेळी एकदाच हप्ता भरून पुढच्या अनेक वर्षांसाठी 'एक्स्टेंडेड इन्शुरन्स' घेता येतो, आणि बहुतेक जवानांनी तो घेतलेला असतो. निवृत्तीच्या कागदांत त्याचं प्रमाणपत्र शोधा. मुदतीत निधन झालं असेल तर नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम मिळते. वायुदलाची आणि नौदलाची अशीच स्वतंत्र विमा व्यवस्था आहे.

मग बँकेकडे लेखी विचारा: या पेन्शन खात्याला अपघात विमा जोडलेला आहे का? सैनिकांच्या खास खात्यांवर तो बऱ्याचदा असतो आणि दाव्याची मुदत थोडी असते. पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा योजना. पहिलीत कुठल्याही कारणाने झालेल्या मृत्यूला २ लाख, दुसरीत अपघाती मृत्यूला २ लाख. सैनिक एखाद्या कारखान्यात किंवा एजन्सीत सुरक्षारक्षक असताना वारले आणि पीएफ कापला जात होता, तर पीएफशिवाय ईडीएलआय या पीएफशी जोडलेल्या विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. यातलं कुणीही आपणहून आणून देत नाही.

उपचार, कॅन्टीन, ओळखपत्र

कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी विधवा ईसीएचएसची हक्काची सभासद असते. सैनिकाचं कार्ड सोलापूरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये कळवून बंद करायचं आणि तिच्या नावाने नव्याने अर्ज करायचा. शेवटच्या आजारपणात ईसीएचएसच्या पॅनेलवर नसलेल्या दवाखान्यात तातडीने न्यावं लागलं असेल, तर बिलाच्या परताव्याची मागणी उशीर न करता द्या. अशा वेळी ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. त्या गडबडीत लक्षात राहत नाही आणि लाखभराचं बिल अंगावर येतं. कॅन्टीन कार्डही तिच्या नावाने निघतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय

इथे विधवेच्या नावाने नोंदणी करून ओळखपत्र घ्या, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक योजनेला ते लागतं. माळशिरस किंवा करमाळ्याहून सोलापूरला येण्यात अख्खा दिवस जातो, म्हणून निघण्याआधी फोन करून कुठले कागद हवेत ते विचारा. कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्यांत दौऱ्यावर असतात. त्यांची तारीख कळली तर गावाजवळच काम होतं.

त्याच भेटीत केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतींची चौकशी करा. यांतल्या बहुतेक हवालदार पदापर्यंतच्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी आहेत. अंत्यविधीच्या मदतीविषयीही तिथेच विचारा. पेन्शन न मिळणाऱ्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना आणि विधवांना दरमहा मदत मिळते. ती ४,००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये झाली. थोडीच वर्षं नोकरी करून पेन्शनविना परतलेल्यांच्या म्हाताऱ्या विधवा गावोगाव आहेत, आणि या योजनेचं नाव त्यांच्या कानावरही गेलेलं नसतं. तुमच्या वाडीत अशी कुणी मावशी असेल तर तिला स्वतः घेऊन जा. त्याच तारखेपासून दोन मुलांपर्यंतच्या शिक्षणाची मदत दरमहा प्रत्येकी १,००० वरून २,००० झाली, आणि दोन मुलींपर्यंतच्या लग्नाची ५०,००० वरून १ लाख. लग्नाचा अर्ज लग्नापासून १८० दिवसांत करायचा असतो. व्यावसायिक पदवीला असलेल्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिच्यात मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात.

राज्य सरकारने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिक विधवांना घरपट्टीत माफी दिली. सैनिकाच्या नावावर माफी मिळत असेल तर ती पत्नीच्या नावाने पुढे चालू ठेवण्यासाठी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नवा अर्ज लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी पूर्ण घरपट्टी येते. सातबाऱ्यावरची वारसनोंद तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्या.

पत्नीनंतर कुणाला

पत्नी हयात नसेल, किंवा पुढे तिचं निधन झालं, तर निवृत्तिवेतन मुलांकडे जातं. मुलाला २५ वर्षांपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा तो कमावता होईपर्यंत, यांतलं जे आधी घडेल तोवर. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला २५ नंतरही मिळू शकतं, पण ती आई-वडिलांवर अवलंबून असावी लागते आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावं लागतं. माहेरी परतलेल्या लेकीला हे कुणी सांगत नाही, आणि भावांनी सांगायला हवं. निपुत्रिक विधवेने पुन्हा लग्न केलं तरी उत्पन्न मर्यादेत असेल तर तिचं निवृत्तिवेतन चालू राहतं. सैनिक अविवाहित असेल तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा हक्क येतो.

दिव्यांग मुलगा किंवा मुलगी स्वतः कमावू शकत नसेल तर त्यांना आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, वयाची अट नाही. पण त्यांचं नाव रेकॉर्डमध्ये हवं आणि सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र हवं. आई-वडील दोघंही गेल्यानंतर चाळिशीतल्या अशा मुलासाठी हे सगळं जमवताना भावंडांची फार ओढाताण होते. म्हणून आई हयात असतानाच त्याचं नाव रेकॉर्ड ऑफिसमध्ये आणि 'स्पर्श'वर नोंदवून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमला जातो. त्यासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा असतो.